करंड्याचा उपयोग

"ज्या वस्तूच्या नावाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, ती वस्तू आपली नव्हे!"

हे वाक्य मी खोलपे गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी उच्चारले आणि ते श्रोत्यांच्या अंगात नीट मुरावे म्हणून जरा थांबलो. त्या थांबण्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "मास्तर, मगे माझो घोव कोणाचो म्हणूचो?"

सभा हसली. ज्या नवऱ्याविषयी प्रश्न होता तो सगुण पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे अपेक्षेने पाहिले. त्यालाही उत्तर हवे असावे. मी पेलाभर पाणी प्यालो आणि भाषणाचा उरलेला भाग रद्द केला.

विचारणारी होती सत्यवतीकाकी. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, पण मान अशी ताठ की बोलताना आपणच आपली कॉलर सारखी करावी. ती मान का ताठ होती ते पुढे येईलच.

गोवा मुक्त होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली होती. खोलपे नकाशात शोधू नका. मांद्र्याच्या बसमधून उतरून अर्धा तास चालले की ते लागत असे. पावसाळ्यात तेवढ्याने लागत नसे. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि फोंड्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला लोकांची थट्टा करत होतो. त्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन समज होते. एक, मास्तरांना प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असतो. दोन, मास्तरांशी जपून बोलावे. दोन्ही समज मी मोठ्या कष्टाने जोपासले होते.

गावच्या सातेरीच्या देवळात एक करंडा आहे. पितळेचा, गोल, सोललेल्या नारळाएवढा. वर बोंड असलेले झाकण, आणि झाकणाच्या सांध्यात भरलेली लाख. ती लाख इतकी जुनी की पितळ कुठे संपते आणि लाख कुठे सुरू होते ते कळत नाही. वर्षभर करंडा देवीच्या उजव्या हाताला कोनाड्यात असतो. पौषातल्या जत्रेला सगुणच्या घरची सून तो कापडाच्या चुंबळीवर ठेवून डोक्यावर घेते, हात न लावता, आणि पालखीच्या पुढे चालून देवळाला पाच फेरे घालते. सत्यवतीकाकी अडतीस वर्षे ते फेरे घालत होती. मान ताठ होती ती यामुळे.

आत काय आहे हे कुणाला माहीत नव्हते. आणि माझे ते भाषण होईपर्यंत, माहीत नसण्याचा कुणाला त्रासही नव्हता.

भाषणानंतर महिनाभराने पणजीच्या एका कचेरीतून देवस्थानच्या कमिटीकडे तीन प्रतींत कागद आला. देवळातल्या जुन्या वस्तूंची यादी हवी होती. रकाने चार : वस्तूचे नाव, नावाचा अर्थ, वर्णन, उपयोग. घंटा, समया, दीपमाळ, सगळे बिनबोभाट भरून झाले. करंड्यापाशी कमिटी अडली आणि माणूस पाठवून मला बोलावले.

कमिटीचे अध्यक्ष कृष्णनाथबाब. डिचोलीच्या खाणीवर त्यांचे तीन ट्रक चालत. माणूस वाईट नव्हे. गावात जे काही होईल ते आपल्या दारावरून जावे, एवढीच त्यांची इच्छा असे, आणि बहुतेक सगळे जातही असे. पालखी त्यांच्या दारावरून जाई, दशावताराचे पेटारे त्यांच्या ट्रकातून येत, पंचायतीचा पाण्याचा नळ त्यांच्या कुंपणाला टेकून उभा होता. फक्त करंड्याचा मान तेवढा त्यांच्या घराकडे फिरकत नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "अर्थ जरा वजनदार होऊ द्या. पणजीला जायचा आहे."

मी घरी जाऊन कोश काढला. टाचणे काढली. पाली भाषेपासून सुरुवात केली आणि डिचोलीजवळच्या लेण्यांपर्यंत येऊन पोचलो. दोन दिवसांनी सभामंडपात सगळी कमिटी, महादेव भट, आणि काम नसलेला उरलेला गाव यांच्यासमोर मी उभा राहून वाचले :

"करंडक, म्हणजेच करंडा : साधू, संत अथवा अन्य पूज्य पुरुष यांच्या अस्थी, दंत, केश वा रक्षा जतन करून ठेवण्याचे झाकणबंद पवित्र पात्र."

टाळ्या पडतील म्हणून मी कागदाची घडी सावकाश केली. टाळ्या पडल्या नाहीत. देवळातला ढोल वाजवणारा बाबली खांबाला टेकून बसला होता. तो हळूच सरळ झाला आणि त्याने शेजाऱ्याला विचारले, "कोण मेलां?"

महादेव भट हे अत्यंत सौम्य गृहस्थ. ते म्हणाले, "मास्तर, अस्थी म्हणजे हाडेच ना?"

"हो. पण पवित्र."

"हाडे पवित्र असतात हो. पण ती नदीत. देवळात नव्हेत."

"म्हंजे जुन्या गोंयच्या इगर्जेत पाद्र्यांच्या संताचा आसा तसा?" बाबलीने विचारले.

"तां तांचा तांका," कुणीतरी म्हणाले. "आमच्याकडे हाड गाभाऱ्यात चलना."

मी समजावू लागलो. या अस्थी म्हणजे आपण समजतो तशा अस्थी नव्हेत, ही सामान्य व्याख्या आहे, 'वा' हा शब्द लक्षात घ्यावा, केशही असू शकतील. केश म्हटल्याबरोबर भटांनी डोळे मिटले. मी थांबलो. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्यातले काय काय चालत नाही याची यादी मी स्वतःच, कोशाच्या आधाराने, शुद्ध मराठीत वाचून दाखवली होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

कृष्णनाथबाब मात्र शांत होते. ट्रकधंद्यातल्या माणसाला रस्ता चटकन दिसतो.

"असं बघा," ते म्हणाले. "करंड्यात अस्थी. करंडा सगुणच्या घरचा. म्हणजे अस्थी सगुणच्या घरच्या. म्हणजे सुतक सगुणच्या घराला. भटमाम, सुतक किती दिवसांचं?"

"दहा."

"आणि जत्रा?"

जत्रा नऊ दिवसांवर होती. हे सगळ्यांना माहीत होते, तरी सगळ्यांनी बोटांवर मोजून पाहिले.

"सुतकातल्या बाईने देवाचं काही डोक्यावर घ्यायचं नसतं," कृष्णनाथबाब पुढे म्हणाले. "तेव्हा यंदापुरता करंडा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देऊया. आमची सून आहे कमल. पदवीधर आहे."

"आणि कमलच्या डोक्यार ती हाडां चलतली?" बाबलीने विचारले.

"दुसऱ्याच्या हाडांचं आपल्याला सुतक नसतं," कृष्णनाथबाब म्हणाले.

कागदावर करंड्यापुढे पेन्सिलीने फुली मारून सभा उठली. 'यंदापुरता' या शब्दाचा अर्थ मात्र तिथल्या प्रत्येकाला कोशाशिवाय ठाऊक होता. खोलप्यात एकदा मानाचे डोके बदलले की मान बदलला. तो परत आल्याचे कुणाच्या आज्यानेही ऐकलेले नाही.

त्याच संध्याकाळी मी सगुणच्या घरी गेलो. अंगणात मोठ्या भाण्यात भात उकडत ठेवले होते आणि सत्यवतीकाकी चुलीतली लाकडे मागे ओढत होती. सगुण ओट्यावर बसला होता. त्याने मला पाहिले आणि तो उठून आत गेला. भांडण नको म्हणून नव्हे. त्याच्या घरी भांडणाचे काम वाटून दिलेले होते आणि ते त्याच्याकडे नव्हते.

"येवा, पंडितांनू," काकी म्हणाली. "सुतकातल्या घरची चाय चलता मां?"

"काकी, मी लिहिलं ते पुस्तकात आहे तसं लिहिलं."

"तुमच्या पुस्तकान माझो करंडो बघल्यान?"

"नाही."

"मगे तेका कसा ठावक?"

शिक्षकी पेशात वीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर येत नसते. मी पायरीवर बसलो. चहा आला. चहा चालला.

"काकी, पण आत आहे तरी काय?"

"म्हाताऱ्यांनी सांगला ता सांगतंय," ती म्हणाली. "फिरंग्यांनी बारदेसातला देऊळ मोडला तेव्हा आमचे लोक देवीक घेवन हय पळाले. बापयांनी देवीचे दागिने घेतले. ते वाटेर हरवले. एके बायलेन आपलो करंडो घेतल्यान, तेतूर हाताक गावला ता भरल्यान, वयर लाख ओतल्यान आणि शापोऱ्याची न्हंय उतरून ह्या काठार इली. तो हो करंडो."

"हाताला काय गावलं?"

"ता तिका विचारूचा रवला."

अंगणात तिची सून तारा तुळशीभोवती फिरत होती. तारा वेंगुर्ल्याकडची. तिच्या डोक्यावर काठोकाठ भरलेली कळशी होती आणि दोन्ही हात मोकळे. मी बघत होतो तेवढ्यात तिने तीन फेरे पुरे केले आणि एका हाताने कोंबडीही हाकलली. पाण्याचा थेंब सांडला नाही.

"दोन वर्सां शिकता," काकी म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा राहिला नव्हता. "माझे गुडघे गेले, मास्तर. यंदा चार फेरे मी घालूचे आणि पाचवो तिका दिवचो, असा ठरलेला. सासवेन माझ्या डोक्यार ठेवलो तेव्हा सांगलेला, ह्यो तुज्या डोक्यावयलो एक तर देवीकडे जातलो, नाय तर सुनेच्या डोक्यार. तिसरी जागा नाय. आता तिसरी जागा तुमी दाखवन दिलात."

मी उठलो. चहाचा पेला ठेवायला जागा दिसेना, म्हणून तो हातात घेऊनच रस्त्याला लागलो आणि अर्ध्या वाटेवरून परत देऊन आलो.

तिथून मी महादेव भटांकडे गेलो. त्यांनी पोथी काढली, चष्मा काढला, चष्मा पुसला आणि दोन पाने उलटून एका ओळीवर बोट ठेवले. त्यांचा चेहरा उजळला.

"आहे!" ते म्हणाले. "मरणाची बातमी वर्ष उलटून गेल्यावर कळली तर दहा दिवस नाहीत. नुसतं स्नान. स्नान केलं की मोकळे. मास्तर, मृत्यू कधी झाला असेल?"

"फिरंग्यांच्या आधी."

भटांनी मनाशी हिशेब केला. "मग वर्ष झालं असणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणच्या घरची सगळी माणसे ओहोळावर उतरली. पौषातले पाणी; पोटऱ्यांना लागले की माणसाला आपोआप देव आठवतो. शेजारची दोन घरे, दूरचा का होईना संबंध निघाला तर पंचाईत नको म्हणून, तीही उतरली. त्यांचे बघून आणखी काही. नातेसंबंध कुठे थांबतात हे खोलप्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही, त्यामुळे नऊच्या सुमारास निम्मा गाव ओला होता. बाबलीने तीन बुड्या मारल्या : एक स्वतःची, एक अंगात ताप असलेल्या बायकोची, आणि एक राखीव. मीही एक मारली. बातमी मीच दिली होती.

दुपारी भट आणि मी, दोघेही शिंकत, कृष्णनाथबाबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. आम्हाला गरम पेज दिली. पाहुणचारात ते कधी कमी पडत नसत.

"भटमाम, पोथी बरोबर," ते म्हणाले. "पण ती दूरगावी मेलेल्या माणसाबद्दल. इथे अस्थी रोज समोर. वर्षाला एकदा डोक्यावर. डोक्यावर घेऊन पाच फेरे घालणाऱ्याला बातमी कळली नव्हती, असं कसं म्हणायचं?"

भटांनी पोथीत पाहिले. पोथी त्या मुद्द्यावर गप्प होती.

"मग देवीलाच विचारू," भट म्हणाले.

"विचारू," कृष्णनाथबाब लगेच म्हणाले. देवीला विचारायचे म्हटल्यावर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आणि त्यांचीही देवीवर श्रद्धा होती. फक्त देवीचे आणि आपले मत सहसा एकच असते असा त्यांचा अनुभव होता. "पण प्रश्न नीट मांडला पाहिजे. गोंधळ शब्दाने झाला. तेव्हा प्रश्न मास्तरांनी लिहावा. काही राहून जायला नको."

काही राहून जायला नको! हे वाक्य ऐकताच मला हुरूप आला. मी सबंध संध्याकाळ बसून प्रश्न लिहिला. तीन वेळा खोडला. त्यात कुणाला पळवाट राहू नये म्हणून सगळ्या वाटा बुजवल्या.

कौल घ्यायचा दिवस ठरला तो जत्रेच्या आधीचा चौथा. सकाळी देऊळ भरले. सगुणच्या घरच्यांना उंबरठ्याच्या आत यायची बंदी असल्यामुळे सत्यवतीकाकी आणि तारा बाहेर दीपमाळेपाशी उभ्या होत्या. आत बायकांच्या कोपऱ्यात कृष्णनाथबाबांची कमल नवी साडी नेसून बसली होती आणि सारखा आपल्याच मानेवर हात फिरवत होती.

भटांनी देवीला स्नान घातले आणि फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या मुकुटावर, खांद्यांवर, छातीवर ओळीने चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्ने, विहिरी, घराची दारे, आफ्रिकेची नोकरी, सगळे याच पाकळ्यांवर ठरत आले आहे. मग बाबलीने ढोलावर एक थाप मारली आणि भटांनी माझा कागद उघडून गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली.

गाऱ्हाण्याची रीत अशी, की घालणारा एक वाक्य म्हणून थांबतो आणि सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. महाराज असो की देवी, म्हणायचे हेच.

"हे माते," भटांनी वाचले, "सदर करंडकात अस्थी अथवा तत्सम पूज्य अवशेष असल्यास, आणि नसल्यास नसल्याप्रमाणे, तज्जन्य अशौच सदर कुटुंबास लागू होत असल्याचे अथवा होत नसल्याचे..."

इथे भटांचा श्वास संपला. ते थांबले. गावाला वाटले वाक्य झाले.

"व्हय महाराजा!"

"...गृहीत न धरता, परंपरागत वहनाधिकार अबाधित ठेवण्यास तुझी हरकत नसल्यास..."

"व्हय महाराजा!"

"...उजवा, अन्यथा, म्हणजे हरकत नसल्याचे नसल्यास..."

बाबलीने एकट्यानेच 'व्हय' म्हटले आणि जीभ चावली.

"...डावा प्रसाद द्यावा, ही नम्र विनंती."

सगळे देवीकडे बघत राहिले. पाकळी पडली नाही. समईची वात कुणीतरी सारखी केली. पाकळी पडली नाही. पाव तास झाला, अर्धा झाला. मागची माणसे पाय बदलू लागली. भटांनी कागद पुन्हा वाचला, यावेळी थांबे बदलून. मुकुटावरून पाण्याचा एक थेंब घरंगळला, देवीच्या नाकापर्यंत आला आणि तिथेच राहिला. तासभर झाला. इतक्या वेळात देवी कुणाच्या लग्नाला दोनदा हो म्हणाली असती.

भट मागे सरकत माझ्यापाशी आले आणि कानात म्हणाले, "मास्तर, देवीला प्रश्न कळला नाही बहुतेक."

"तुम्हाला कळला ना?"

"मी वाचला," भट म्हणाले.

कृष्णनाथबाबांनी घसा साफ केला. "देवी बोलत नाही म्हणजे तिच्या मनात नाही."

"मौन म्हणजे संमती!" मी म्हणालो.

"कसल्याक?" बाबलीने विचारले. मी माझाच कागद मनात आठवून पाहिला. कसल्याला ते मलाही सांगता आले नसते.

तेवढ्यात बाहेरून, दीपमाळेजवळून आवाज आला. "भटमामा, माका विचारूक देया!"

"आत येता येणार नाही गे, सत्यवती," भट म्हणाले.

"मी खय येतंय? आवाज येतलो. आवाजाक सुतक आसा?"

भटांनी कृष्णनाथबाबांकडे पाहिले. कृष्णनाथबाबांनी क्षणभर विचार केला, आणि हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे, की ते म्हणाले, "विचारू दे. तिचं घर आहे प्रश्नात."

लोक दोन बाजूंना सरले. देवीपासून दीपमाळेपर्यंत वाट मोकळी झाली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला सत्यवतीकाकी दिसली. तिने पदर खोचला. हात जोडले नाहीत. शेजारणीला कुंपणावरून हाक मारावी तशी ती बोलली.

"माये, मी सत्यवती. सगुणाची बायल. अडतीस वर्सां तुजो करंडो माझ्या डोक्यार आसा. आत काय आसा माका ठावक नाय, तुका ठावक आसा."

"व्हय महाराजा," गाव म्हणाला. अगदी नेमक्या जागी.

"आता म्हणतत तेतूर हाडां आसत. आसल्यार ती तुजीच माणसां, माझीच माणसां. तुका घेवन हय इली ती. तेंका डोक्यावयल्यान खाली घालू?"

गाव 'व्हय महाराजा' म्हणायला तोंड उघडून बसला होता. कुणी म्हणाले नाही.

"मी आणि माझी सून करंडो घेवचो, तर उजवो दी. नको, तर डावो दी, मी घराक जातंय. भात चुलीर आसा."

मी देवीच्या उजव्या खांद्याकडे बघत होतो. खरे सांगतो, मी चाळीस वर्षे लोकांची थट्टा केली, त्यात देवाधर्माचीही केली, पण त्या वेळी मी श्वास धरला होता.

उजव्या खांद्यावरची पाकळी आधी थोडी कलली. मग पडली. पाठोपाठ मुकुटाच्या उजव्या बाजूच्या दोन पडल्या, जणू पहिलीचे कुणाला पटले नसेल तर.

बाबलीने ढोलावर अशी थाप मारली की कोनाड्यातली कबुतरे उडाली. लोक ओरडले. तारा बाहेर रडत होती आणि काकी तिला, "रडतस कित्या, डोक्या दुखतला, चार दिसांनी काम आसा," म्हणत होती. आपले मत आणि देवीचे मत वेगळे असल्याचे पहिल्यांदाच कळल्यामुळे कृष्णनाथबाब क्षणभर गोंधळले. मग सगळ्यांच्या आधी त्यांनीच कानांना हात लावला आणि देवीपुढे आडवे झाले. उठून म्हणाले, "झालं. विषय संपला. पालखीला माझी चार माणसं." कोपऱ्यातल्या कमलने एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या बायका वळून बघू लागल्या. जाताना ती मला म्हणाली, "मास्तर, मला पेडण्याच्या बसमध्येसुद्धा मान धरते हो."

करंड्याची ओळ मी त्याच दिवशी, देवळाच्या पायरीवर बसून, कमिटीच्या देखत भरली. नाव : करंडा. नावाचा अर्थ : यावर बरीच चर्चा झाली. बाबलीचे म्हणणे, रिकामा सोडा. भटांचे म्हणणे, रिकामा सोडू नये, अपशकुन असतो. शेवटी 'देवीस ठाऊक' असे लिहिले. उपयोग या रकान्यात मी लेखणी टेकवली आणि मला आपोआप सुचले : 'डोक्यावर घेणे.' कृष्णनाथबाबांनी कागद वाचला आणि स्वतःच्या अक्षरात पुढे जोडले : 'सगुणच्या घरच्या सुनेने.' त्याखाली अध्यक्ष म्हणून सही केली. तीनही प्रतींवर.

हा कागद पणजीला कुणी वाचला की नाही, ठाऊक नाही. गावाला मात्र तो इतका आवडला की जत्रेच्या दिवशी माझा सत्कार करायचे ठरले. का, ते मला नीट कळले नाही. बहुधा ज्याने गोंधळ घातला त्यानेच तो निस्तरलेला कागदावर दाखवला, म्हणून. पालखी निघण्याच्या आधी कृष्णनाथबाबांनी सगळ्या जत्रेसमोर मला शाल पांघरली. बेळगावहून आणवलेली, लोकरीची, किरमिजी, दोन्ही काठांना जर. हातात नारळ दिला. मग म्हणाले, "दोन शब्द बोला."

मी तयारीत होतो. चार दिवस घासून एक वाक्य केले होते. मी शाल सारखी केली, गर्दीकडे पाहिले आणि म्हणालो, "बंधूंनो आणि भगिनींनो, शब्दाचा अर्थ पुस्तकात राहतो, पण शब्दाचा मान..."

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि सत्यवतीकाकी आली. हिरवे लुगडे, कपाळाला मोठे कुंकू, मागे तारा. भटांनी करंडा कोनाड्यातून काढून दोन्ही हातांवर धरला होता. ढोल थांबला होता. काकी सरळ माझ्याकडे चालत आली आणि समोर उभी राहिली. तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर नव्हते, जरा खाली होते. मला वाटले, भरून आले असेल. सगळी जत्रा आमच्याकडे बघत होती. मी वाक्य अर्धे सोडले आणि हात जोडले.

काकीने दोन बोटांत शालीचा काठ धरून चोळून पाहिला.

"मऊ आसा," ती ताराला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "मास्तर, चुंबळ घराक रवली. पाच फेऱ्यांपुरती ही दितात?"